फियाट म्हणा, पद्मिनी म्हणा... पण नीट लिहा!

मित्रांनो, सुरुवातीलाच एक प्रश्न विचारतो. प्रीमियर पद्मिनी ही गाडी कधीपासून कधीपर्यंत बनली? कुणी म्हणेल १९६४ पासून, कुणी १९७४ पासून. बंद कधी झाली? कुणी म्हणेल २०००, कुणी २००१, आणि एखादा हुशार तर २००३ सुद्धा सांगेल. मी तो हुशार होतो! मी सरळ ठोकून दिलं होतं, '१९६४ ते २००३'. आणि त्या एका ओळीवरून दिवाळीच्या सुट्टीत आमच्या परंड्यात माझी जी बिनपाण्याची झाली, ती तुम्हाला सांगायची आहे.

झालं असं, की आमच्या वर्गातल्या पाच-सहा जणांनी ठरवलं, जुन्या भारतीय गाड्यांवर मराठीत छोट्या छोट्या संदर्भनोंदी लिहायच्या. विश्वकोशात असतात तशा. गाडीचं नाव, कारखाना, वर्षं, इंजिन, प्रकार आणि दोन परिच्छेद इतिहास. चिठ्ठ्या टाकल्या. कुणाला मारुती ८०० आली, कुणाला अँबॅसॅडर. मला आली पद्मिनी. मी खूश! कारण आमच्या गल्लीतच एक उभी आहे. निवृत्त गुरुजींची, क्रीम रंगाची, लिंबाच्या झाडाखाली, अंगावर जुन्या चादरीची झूल पांघरून. लहानपणी लपाछपी खेळताना याच गाडीमागे आम्ही लपायचो. म्हटलं, आपल्याला कोण शिकवणार पद्मिनी!

एका रात्रीत नोंद तयार झाली. (सबमिशनचा अनुभव कामी आला.) इथून दोन ओळी, तिथून चार, मध्ये एक तक्ता. मोठ्या ऐटीत प्रिंट काढून गुरुजींना नेऊन दिली. गुरुजींनी चष्मा लावला, खिशातलं लाल पेन काढलं आणि वाचता वाचता म्हणाले, "अरे, गाडी छान आहे ही. पण माझी नाही."

तक्त्यात मी लिहिलं होतं, 'गिअर : स्टिअरिंगपाशी, चार'. गुरुजींच्या गाडीत गिअर खाली, जमिनीवर! मी लिहिलं होतं, 'इंजिन : १२२१ सीसी'. गुरुजींच्या आरसी बुकात १०८९. मी लिहिलं होतं, 'इंधन : पेट्रोल'. तेवढ्यात शेजारी बसलेले मिस्त्री चाचा म्हणाले, "आरं बाबा, डिझेलचीबी यायची की! मी स्वतः खोललीया." चाचांनी चाळीसेक वर्षं या भागातल्या गाड्या दुरुस्त केल्या. आता डोळ्यांनी साथ सोडलीय, गॅरेज बंद आहे. पण हात अजून बोलतात. पाच मिनिटांत माझ्या तक्त्यात एकही रकाना लाल शाईवाचून उरला नाही.

घरी येऊन मी विचार करत बसलो. मी खोटं लिहिलं होतं का? नाही. प्रत्येक आकडा कुठे ना कुठे छापलेला होता. मग चुकलं कुठे? हळूहळू लक्षात आलं, की प्रत्येक आकडा *कुठल्यातरी* गाडीचा खरा होता. फक्त त्या सगळ्या गाड्या एक नव्हत्या.

आता १२२१ चीच गंमत बघा. आपल्याकडे ही गाडी १९६४ साली 'फियाट ११०० डिलाइट' म्हणून आली. ती इटलीच्या फियाट ११०० डी या गाडीवर बेतलेली. इटलीतल्या ११०० डी ला बोअर ७२ मिलिमीटर, स्ट्रोक ७५ मिलिमीटर. आपण सगळे मेकॅनिकलवाले, गुणाकार करून बघा. चार सिलिंडरचे मिळून १२२१ सीसी येतात. आपल्याकडच्या गाडीत मात्र ६८ मिलिमीटर बोअर आणि ७५ स्ट्रोकचं इंजिन होतं. त्याचे येतात १०८९. हे १०८९ चं माप फियाटच्या घराण्यात १९३७ पासूनचं! म्हणजे अंगाने नवी आणि हृदयाने जुनी, अशी आपली गाडी. मी काय केलं? इटलीच्या गाडीची माहिती उचलली आणि कुर्ल्याच्या गाडीला चिकटवली. दिसायला दोघी जुळ्या बहिणी, म्हणून एकीचा दाखला दुसरीच्या नावावर! शाळेत असं केलं असतं तर हेडमास्तरांनी छड्या मारल्या असत्या.

कुर्ल्याचा उल्लेख आलाच आहे, तर थोडा इतिहास. ही गाडी बनवणारी प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी १९४४ साली शेठ वालचंद हिराचंद यांनी काढली. वालचंदशेठ मूळचे सोलापूरचे, १८८२ साली तिथेच जन्मले. म्हणजे आपल्या परंड्याहून बार्शीमार्गे गेलं तर दोन-अडीच तासांवरचा माणूस! सुरुवातीला अमेरिकेच्या क्रायस्लरशी करार करून डॉज, प्लिमथ अशा गाड्या इथे जोडल्या जायच्या. नंतर फियाटशी करार झाला. १९५३ च्या सुमाराला टॅरिफ कमिशनच्या शिफारशीवरून सरकारने ठरवलं, की बाहेरून भाग आणून नुसते जोडणाऱ्यांना इथे जागा नाही, हळूहळू का होईना पण भाग इथेच बनले पाहिजेत. फोर्ड आणि जनरल मोटर्स निघून गेल्या. प्रीमियर राहिली. तेव्हाची गोलमटोल फियाट, जिचे पुढचे दरवाजे उलटे उघडायचे आणि जिला आपली मंडळी प्रेमाने 'डुक्कर फियाट' म्हणायची, ती या पद्मिनीची आधीची पिढी. पुष्कळ जण तिलाही 'जुनी पद्मिनी' म्हणून मोकळे होतात. ती पद्मिनी नव्हे!

मग पद्मिनी हे नाव कधीचं? फियाटशी असलेला करार संपल्यावर गाडीवर फियाटचं नाव लावता येईना. थोडे दिवस ती 'प्रीमियर प्रेसिडेंट' झाली आणि १९७४ पासून 'प्रीमियर पद्मिनी'. गाडी जवळपास तीच, पाटी बदलली. लोकांनी काही ती पाटी मनावर घेतली नाही. आमचे गुरुजी आजही "फियाट काढतो" असंच म्हणतात, आणि मागच्या बाजूला 'पद्मिनी' अशी अक्षरं चकाकत असतात.

आता कुणी म्हणेल, नावात काय आहे? तर एक उदाहरण सांगतो. लालबहादूर शास्त्री पंतप्रधान असताना त्यांनी घरच्यांसाठी गाडी घेतली, १९६४ चं मॉडेल. किंमत बारा हजार रुपये. जवळ सातच हजार होते, म्हणून पंजाब नॅशनल बँकेतून पाच हजारांचं कर्ज काढलं. जानेवारी १९६६ मध्ये शास्त्रीजी गेले आणि राहिलेलं कर्ज ललिताबाईंनी पेन्शनमधून फेडलं. ही गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलेली असते. ऐकताना 'शास्त्रीजींची पद्मिनी' असंही ऐकलेलं असतं. पण शास्त्रीजी गेले तेव्हा पद्मिनी हे नाव जन्मायला आठ वर्षं अवकाश होता! ती फियाट होती. एवढ्या मोठ्या माणसाच्या एवढ्या प्रामाणिक व्यवहाराची गोष्ट सांगायची आणि त्यात गाडीचं नावच चुकवायचं, हे बरोबर दिसतं का?

आणि आपण धाराशिवकरांनी तरी 'नावात काय आहे' असं म्हणू नये. माझ्या दहावीच्या प्रमाणपत्रापर्यंत सगळ्या कागदांवर जिल्हा उस्मानाबाद आहे. २०२३ पासून धाराशिव झालं. म्हणून जुन्या कागदावर खाडाखोड करून कुणी धाराशिव लिहीत नाही. ज्या वर्षीचा कागद, त्या वर्षीचं नाव. गाडीलाही हाच न्याय लावायचा. १९६८ ची गाडी फियाट, १९८० ची पद्मिनी. नोंदीच्या मथळ्यात हवं तर पद्मिनी लिहा, पण आत कुठलं नाव कधी लागलं ते सांगा.

आता माझ्या '२००३' कडे येतो. हा आकडा मला मिळाला मुंबईच्या बातमीतून. ऑक्टोबर २०२३ च्या शेवटी सगळ्या पेपरांत छापून आलं, की मुंबईची शेवटची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली. तिची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या आरटीओत झाली होती आणि टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा असल्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून शहरात एकही पद्मिनी टॅक्सी उरली नाही. मी लगेच गणित मांडलं, शेवटची गाडी २००३ ची म्हणजे कारखाना २००३ पर्यंत चालू! वास्तविक कुर्ल्यात ही गाडी बनणं त्याच्या दोन-तीन वर्षं आधीच थांबलं होतं. पण गाडी बनते एका दिवशी, विकली जाते दुसऱ्या दिवशी आणि आरटीओच्या वहीत चढते तिसऱ्याच दिवशी. गुरुजींनी आपलं आरसी बुक उघडून दाखवलं. त्यात निर्मितीचा महिना वेगळा आणि नोंदणीची तारीख वेगळी, मध्ये तीन महिने आणि एक एक जानेवारी! गुरुजी म्हणाले, "जन्म घरी होतो, दाखला नगरपालिकेत मिळतो. दाखल्याची तारीख म्हणजे बारसं नव्हे, बाळंतपण तर नव्हेच."

हे ऐकून मला आमच्या किल्ल्यातली तोफ आठवली. परंड्याच्या पोराला तोफ न आठवली तरच नवल! विजापूरला असलेली मुलूखमैदान तोफ एके काळी आपल्या परंड्याच्या किल्ल्यात होती, १६३२ साली ती विजापूरला नेली, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. ही तोफ १५४९ साली अहमदनगरला निजामशाहीत ओतली गेली, ओतणारा मुहम्मद बिन हसन रूमी. हे आपल्याला कसं कळलं? तोफेवरच कोरलेलं आहे. पण त्याच तोफेवर आणखी एक लेख आहे, औरंगजेबाचा. १६८६ मध्ये विजापूर घेतल्यावर त्याने आपला लेख कोरवून घेतला. आता एखाद्याने फक्त दुसराच लेख वाचला आणि लिहून टाकलं की ही तोफ औरंगजेबाची, तर? पहिला लेख तोफ बनवल्याचा, दुसरा ती हाती आल्याचा. माझी चूक नेमकी हीच होती. ताडदेवच्या आरटीओचा लेख मी कुर्ल्याच्या कारखान्याचा म्हणून वाचला.

तुम्ही म्हणाल, एवढं कशाला? पुस्तकं आणि कागद सोडा, गाडी समोर उभी आहे, व्हर्नियर घ्या आणि मोजा! मलाही तेच वाटलं होतं. चाचांना म्हटलं, "चाचा, तुम्ही हे इंजिन खोललंय ना? बोअर किती होता?" चाचा हसले. म्हणाले, "कंचा बोअर सांगू? कंपनीचा का माजा?" गुरुजींच्या गाडीचं इंजिन कधीच बोअर करून झालं होतं, वरचढ मापाचे पिस्टन टाकून. म्हणजे बघा, ६८ चा बोअर ०.६ मिलिमीटरने वाढवला, तर गणिताने सीसी येतील साधारण ११०९. मी समोरची गाडी मोजून इमानदारीत ११०९ लिहिले असते, तर ते आरसी बुकाशी जुळले नसते, कंपनीच्या मॅन्युअलशी जुळले नसते आणि तरीही मोजमाप बरोबर असतं! कारण एक गाडी म्हणजे अख्खं मॉडेल नव्हे. पंचवीस-तीस वर्षं चाललेल्या गाडीत कंपनी किती आणि मिस्त्री किती, हे मिस्त्रीच सांगू शकतो.

तेव्हा माझं म्हणणं साधं आहे. जुन्या गाडीची नोंद लिहायची तर प्रत्येक आकड्यापुढे तीन गोष्टी हव्यात : कुठल्या वर्षाची, कुठल्या प्रकाराची आणि कुणाच्या साक्षीने. 'गिअर स्टिअरिंगपाशी' हे वाक्य बहुतेक वर्षांसाठी खरं आहे. शेवटच्या काळातल्या एस-१ प्रकारात तो खाली आला. दोन्ही लिहा. 'पेट्रोल' हे खरं आहे, पण नव्वदच्या दशकात १३७ डी नावाची १३६६ सीसीची डिझेल पद्मिनीही निघाली. तीही लिहा. मुंबईच्या टॅक्सींना सीएनजीचं किट बसलं, तो मात्र मालकाने केलेला बदल. तो वेगळ्या ओळीत टाका. जिथे दोन ठिकाणी दोन वर्षं छापलेली आहेत तिथे दोन्ही द्या आणि कुठलं कशाचं आहे ते सांगा. आणि जिथे काहीच मिळालं नाही, तिथे रकाना रिकामा ठेवा! रिकामा रकाना बघून पुढचा कुणीतरी शोधायला जाईल. चुकीचा भरलेला रकाना बघून कोण जाणार?

'छोटी गाडी' हा शब्दही जपून वापरायला हवा. २००६ च्या बजेटपासून चार मीटरच्या आतली आणि पेट्रोल असेल तर १२०० सीसीपर्यंतची गाडी सरकारदरबारी छोटी ठरली. त्या फूटपट्टीने पद्मिनी बरोबर छोट्या गाडीत बसते. पण ही फूटपट्टी आली तेव्हा पद्मिनी बनणं बंदसुद्धा झालं होतं. जिच्या काळात देशात गाड्याच मोजून दोन-तीन तऱ्हेच्या होत्या, तिला लोक छोटी म्हणत नव्हते. ती नुसती 'कार' होती, आणि आमच्यासारख्या तालुक्याच्या गावात ती दारात असणं म्हणजे मोठीच गोष्ट! गुरुजींनी ती सेकंडहँड घेतली तेव्हा अख्ख्या गल्लीला पेढे वाटले होते म्हणे.

माझा रूममेट हा लेख वाचून म्हणाला, "अरे, प्लेसमेंट तोंडावर आलंय आणि तू बंद पडलेल्या गाडीचे गिअर मोजतोयस? वाचणार कोण?" मित्रा, तुझा प्रश्न रास्त आहे. पण जरा असा विचार कर. उद्या कंपनीत लागल्यावर आपण करणार काय? ड्रॉइंगवर रिव्हिजन नंबर टाकणार, पार्ट लिस्ट बनवणार, कुठल्या बॅचला कुठला बोल्ट ते लिहिणार. रिव्हिजन नंबर नसलेलं ड्रॉइंग वर्कशॉपमध्ये सर फाडून हातात देतात. मग गाडीच्या इतिहासाला रिव्हिजन नंबर नको? ही आपल्या धंद्याचीच शिस्त आहे, फक्त जुन्या वस्तूवर चालवायची.

आणि घाई का आहे, तेही सांगतो. खासगी गाडीला पंधरा वर्षं झाली की दर पाच वर्षांनी पुन्हा पासिंग, वर पर्यावरण कर. पुण्यातला मुलगा गुरुजींना दर सुट्टीत सांगतो, "बाबा, आता भंगारात द्या." त्याचंही काही चुकत नाही. गाडी गेली की चेसिसवरची पाटी गेली, आरसी बुक गेलं. चाचांच्या डोक्यात जे आहे ते कुठल्याच मॅन्युअलमध्ये नाही, आणि चाचा सत्तरीच्या पुढे आहेत. इंग्रजीत या गाडीवर बरंच लिहिलेलं सापडतं, हौशी मंडळी झटत असतात. पण गाडी बनली कुर्ल्यात, चालवली दुरुस्त केली आपल्या माणसांनी. हातातला गिअर, डुक्कर फियाट, बोअर करणं हे शब्दही आपले. ते मराठीत आपण नाही लिहायचे तर कुणी लिहायचे? वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी विश्वकोशाचं काम उभं केलं, १९७६ साली पहिला खंड आला. त्यात नोंदीखाली लिहिणाऱ्याचं नाव असतं. नाव असलं की लिहिणारा जबाबदार होतो. आपण तेवढी तरी सवय उचलूया.

सुट्टी संपायच्या आदल्या दिवशी मी नोंद पुन्हा लिहून गुरुजींकडे नेली. आधीच्यापेक्षा तिप्पट लांब, दोन रकाने रिकामे, तीन ठिकाणी 'मिस्त्रींच्या सांगण्यावरून' असं लिहिलेलं. गुरुजींनी लाल पेन काढलं, एक ऱ्हस्व-दीर्घ सुधारला आणि पेन खिशात ठेवलं. चाचांना मी ती वाचून दाखवली. डिझेलच्या ओळीपाशी त्यांनी मान डोलावली. मग गुरुजी गाडीवरची झूल नीट करत म्हणाले, "ही आज ना उद्या जाणारच. पण कागदावर तरी खरी राहू दे."

तेव्हा मित्रांनो, आता येणाऱ्या सुट्टीत एवढंच करा. तुमच्या गावात, गल्लीत, मामाच्या वाड्यात एखादी जुनी गाडी उभी असेल. मालकाची परवानगी घेऊन तिच्या पाटीचा फोटो काढा, आरसी बुकातलं निर्मितीचं वर्ष आणि नोंदणीचं वर्ष वेगवेगळं लिहून घ्या, आणि गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या मिस्त्रींना चहा पाजून दोन तास ऐका. वही घेऊन या. आमचे दोन रकाने अजून रिकामे आहेत. पहिला, एस-१ नेमकी कुठल्या महिन्यापासून? दुसरा मी सांगत नाही, तुम्हीच शोधून काढा!

— तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी